येवल्याची पैठणी: वर्षभर नेसून झाल्यावर

गेल्या वर्षी नवरात्राच्या आठ-दहा दिवस आधी मी येवल्यातील एका विणकराच्या घरी जाऊन सहावारी पैठणी विकत घेतली. आमसुली रंग, मोरपंखी छटेचा नारळी काठ, अंगभर मोहरेएवढी विरळ गोल बुट्टी आणि पदरावर चार बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलात विणलेले मोर, असे तिचे रूप असून तिच्यासाठी मी १९,५०० रुपये मोजले. त्यानंतर लक्ष्मीपूजन, संक्रांतीचे हळदीकुंकू, वैशाखातील एक लग्न आणि यंदाच्या गौरी अशा चार प्रसंगी ती नेसून झाली. घेताना ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या होत्या त्यांतल्या निम्म्या नेसताना बिनमहत्त्वाच्या ठरल्या आणि ज्यांच्याकडे लक्षच दिले नव्हते त्या पुढे आल्या, म्हणून हा अभिप्राय मुद्दाम वर्ष उलटल्यावर लिहीत आहे.

येवल्याला जाण्याआधी एक चूक करून झाली होती, तीही सांगितली पाहिजे. श्रावणात एका संकेतस्थळावरून ‘शुद्ध रेशमी पैठणी’ म्हणून ३,२०० रुपयांची साडी मागवली होती. छायाचित्रात ती सुरेख दिसत होती, आणि खरे तर हातात आल्यावरही लांबून वाईट दिसत नव्हती. परंतु पदर उलटून पाहिला तर मागे मोरांच्या आकारात कापलेल्या धाग्यांची दाट लव उभी होती आणि अंगठी घातलेले बोट त्यावरून फिरवताच दोन धागे अडकून वर आले. आईने दशीतला एक धागा काढून निरांजनाच्या ज्योतीवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख उरते; इथे धागा वितळून त्याची काळी कडक गोळी झाली. साडी परत गेली, पैसेही पुष्कळ पत्रव्यवहारानंतर मिळाले. सेमी पैठणी या नावाने मिळणारी यंत्रमागावरची साडी नेसण्यात कमीपणा आहे असे मला मुळीच वाटत नाही. दोन-अडीच हजारांत डोहाळजेवणाला किंवा कार्यालयातल्या पारंपरिक दिवसाला ती उत्तम काम देते. ती सेमी म्हणूनच विकली जावी एवढीच अपेक्षा आहे.

नाशिकहून निफाड, विंचूर असे करत येवला साधारण ऐंशी किलोमीटरवर येते. मनमाडहून कोपरगावकडे आणि नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, आणि शिर्डी जवळ असल्यामुळे दर्शनाला निघालेल्या गाड्या या रस्त्याने सतत ये-जा करतात. साहजिकच हमरस्त्यावर पैठणीची मोठमोठी, वातानुकूलित दालने उभी राहिली आहेत. नाव गोदाकाठच्या पैठणचे असले तरी आज मागांची मोठी वस्ती येवल्यात आणि भोवतालच्या गावांत आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही ग्राहक दालनातच थांबतो, कारण तिथे एका वेळी दोनशे साड्या उलगडून पाहता येतात. आम्ही, म्हणजे मी आणि माझी नणंद, आधी अशा दोन दालनांत गेलो. तिथे निवड भरपूर होती आणि वागणूकही चांगली होती, मात्र ही साडी किती दिवसांत विणली, जरी कोणती वापरली, असे विचारले की उत्तर दरवेळी ‘एकदम प्युअर आहे मॅडम’ एवढेच मिळे. शेवटी नणंदेच्या ओळखीने गावातल्या एका गल्लीत, दोन माग असलेल्या घरात पोहोचलो.

घर म्हणजे पुढची खोली मागाची आणि मागची खोली राहण्याची. माग जमिनीत रोवलेला, विणकराचे पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, आणि उजेड येईल अशा बेताने मागाचे तोंड खिडकीकडे केलेले. त्या वेळी मागावर कोणा दुसऱ्या ग्राहकाची पदराची वीण चालू होती. जरीच्या जमिनीवर रेशमी मोर उतरत होता आणि मोराच्या मानेला निळी, पिसाऱ्याला हिरवी, चोचीला लाल अशी प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, ताण्यावर (मागावरच्या उभ्या धाग्यांवर) ओळीने लोंबत होती. एकेक तिल्ली उचलायची, कागदावरच्या नक्षीकडे नजर टाकून ताण्याचे तेवढे धागे मोजायचे, त्यांतून ती पार करायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून तिला परत फिरवायचे, आणि अशी सगळी ओळ पुरी झाल्यावर फणी ठोकायची. मी चहा घेऊन, बोलून, मध्ये इतर साड्या पाहून दीड तास तिथे बसले असेन. तेवढ्या वेळात मोराची मान माझ्या करंगळीच्या पेराएवढीसुद्धा पुढे सरकली नाही. पैठणीची किंमत पदरात असते असे ऐकत आले होते, त्याचा अर्थ तिथे कळला. साध्या अंगाचे विणकाम धोटा इकडून तिकडे फेकत भराभर होते. दिवस खातो तो पदर.

दोन रंगांचे धागे भेटतात तिथे ते एकमेकांत गुंतवलेले असल्याने अशा पदराच्या मागे मोकळे धागे लोंबत नाहीत आणि सुलट-उलट बाजू जवळपास सारखीच दिसते. विणकराने न सांगताच पदर उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला. “ताई, आधी मागून बघा, पुढून तर सगळेच दाखवतात,” असे तो म्हणाला. ही परीक्षा आता सर्वतोमुखी झाली आहे, परंतु तिच्याबाबत एक सावधगिरीची सूचना त्यानेच दिली, ती मला अधिक मोलाची वाटते. काही हातमागांवर काठाची नक्षी जॅकार्डने, म्हणजे नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रणेने, उचलली जाते आणि त्या काठाच्या मागे धागे तरंगताना दिसू शकतात. तेवढ्यावरून साडी यंत्रमागाची ठरवणे चूक होय. मागची बाजू तपासायची ती पदराची आणि बुट्टीची. अंगावरच्या बुट्ट्या हाताने भरलेल्या असल्या की मागे प्रत्येक बुट्टीपाशी धागा तिथल्या तिथे संपतो, आणि बारकाईने पाहिले तर दोन बुट्ट्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. माझ्या साडीत निऱ्यांच्या जागी एक बुट्टी शेजारणीपेक्षा किंचित लंबगोल झाली आहे. घरी आल्यावर ती पहिल्यांदा नजरेस पडली तेव्हा मन खट्टू झाले होते, आता नेसताना निऱ्या तिच्यापासूनच मोजते.

रंगाविषयी मात्र मी स्वतः थोडी फसता फसता वाचले. आमसुली म्हणून जो रंग मला भावला तो मुळात एक रंग नव्हेच. ताणा लाल आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, गडद निळा, त्यांच्या मिलाफातून ती धूपछाव तयार होते. ट्यूबलाइटखाली साडी काळपट जांभळी दिसत होती, अंगणात नेली तर घडीच्या कडांवर लाली उमटली आणि सावलीत पुन्हा निळी झाक आली. नणंदेने हट्टाने ती दारात नेली नसती तर मी दुसरीच साडी उचलली असती. जुन्या पैठणीत रंगांनाही नावे असत, काळीला चंद्रकळा, पोपटी हिरवीला राघू, पांढरीला शिरोदक. आज दुकानात ‘वाइन’ आणि ‘पीच’ ऐकू येते, आणि विणकराच्या तोंडी अजून आमसुली आणि डाळिंबी आहे.

जरीचा विषय निघाला तेव्हा घरातली एक जुनी सल वर आली. माझ्या आजीची नऊवारी पैठणी खऱ्या जरीची, म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचे पाणी दिलेली होती. कापड विरल्यावर ती जुनी जरी घेणाऱ्याला विकली गेली. त्याने काठ-पदर कापून तोलले आणि उरलेले रेशीम तसेच टाकून दिले, असे आई सांगते. आज चांदीचा भाव पाहता तशी जरी सामान्य किमतीच्या साडीत येणे शक्यच नाही. माझ्या साडीत टेस्टेड जरी आहे, म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा आणि वर सोनेरी पाणी, आणि ती सुरतेहून येते, हे विणकराने विचारण्याआधी सांगितले. “खरी पाहिजे असेल तर करून देतो, पण आकडा ऐकून उठू नका,” हे त्याचे शब्द. याच्याही खाली नुसत्या चकचकीत प्लास्टिकच्या पट्टीची नकली जरी असते, आणि ती ओळखायला फारसे कौशल्य लागत नाही, कारण ती जरुरीपेक्षा जास्त चमकते. वर्षभरात माझ्या साडीचा पदर काळा पडलेला नाही. काखेजवळ येणाऱ्या काठाला किंचित तांबूस छटा आली आहे, आणि त्याचा दोष मी वैशाखातल्या त्या लग्नाला, घामाला आणि वर मारलेल्या अत्तराला देते. जरीवर अत्तर मारू नये हे मला माहीत होते.

प्रमाणचिन्हांविषयी दुकानांत बराच गोंधळ घातला जातो, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले सिल्क मार्क एवढेच सांगते की कापड शुद्ध रेशमाचे आहे. ते हाताने विणले की यंत्राने, आणि जरी कोणती, याच्याशी त्याचा संबंध नाही. साडी हातमागावरची आहे याची खूण म्हणजे २००६ मध्ये आलेले हॅंडलूम मार्क. पैठणीला जे भौगोलिक मानांकन आहे ते ठरावीक प्रदेशातल्या ठरावीक पद्धतीच्या विणकामाला मिळालेले आहे. सिल्क मार्कची चिठ्ठी दाखवून ‘ही हातमागाची सरकारी हमी’ असे म्हणणारा विक्रेता मला याच फेरीत भेटला. मी ज्या घरून साडी घेतली तिथे सिल्क मार्कची चिठ्ठी होती, हॅंडलूम मार्कची नव्हती, परंतु माग समोरच ठकठकत असल्याने ती मागण्याचे मलाही सुचले नाही.

आता नेसण्याविषयी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडीचे वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरले. नणंदेने त्याच फेरीत एका दालनातून अंगभर जरीकाम असलेली ब्रोकेड पैठणी घेतली, तिचे वजन सव्वा किलो. छायाचित्रात तिचीच साडी उठून दिसते यात शंका नाही. पण लग्नात सीमांतपूजनाला नेसलेली ती साडी तिने पंगतीच्या आधी बदलली, आणि त्यानंतर कपाटाबाहेर काढलेली नाही. माझी पहिल्या दिवशी खळीमुळे कडक होती, निऱ्या फुगून छत्रीसारख्या उभ्या राहत होत्या आणि पदर खांद्यावर नीट बसत नव्हता. संक्रांतीला ती थोडी वळणावर आली, आणि गौरींच्या वेळी तर मी ती नेसून पुरणपोळ्या लाटल्या, हे सांगायला थोडा संकोच वाटतो तरी ते खरे आहे. यावरून माझे मत असे झाले आहे की सणाला नेसायची पैठणी घ्यायची असेल तर सगळे पैसे हाताने विणलेल्या पदरात घालावेत आणि अंग साधे ठेवावे. अंगभर भरलेली जरी पाहणाऱ्यासाठी असते. तिचे ओझे मात्र नेसणारीला वाहावे लागते.

पोलक्याबाबत मी शिंप्याचे ऐकले नाही ते बरे झाले. सध्या पाठीवर आरीकामाचा मोर, बाह्यांवर मणी, वर गोंडे असा थाट चालतो आणि त्याची शिलाई साडीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकते. पदरावर चार मोर असताना पाठीवर पाचवा कशाला हवा, हे मला समजत नाही. साडीतल्या पोलक्याच्या तुकड्यालाच काठ आहे; तो बाह्यांना लावला, झाले. फॉल मात्र हाताने घालून घ्यावा. यंत्राने घातलेल्या फॉलवर पहिल्या धुलाईनंतर काठ चुण्या धरतो, हे दुसऱ्या एका साडीवर शिकले आहे. आणि हातमागाची पैठणी कापून तिची शिवलेली नऊवारी करून घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती सोयीची असली तरी मला बघवत नाही. त्यासाठी सेमी पैठणी आहे.

दागिन्यांत या साडीवर तन्मणी आणि कुड्या सर्वांत शोभल्या. मोत्यांचा पांढरेपणा आमसुली रंगावर उठतो, आणि मुख्य म्हणजे मोती कुठे अडकत नाहीत. नथ चापाची घेतली, कारण माझे नाक टोचलेले नाही. तीन-चार तासांनी चाप दुखू लागतो, तेव्हा फोटो झाले की ती बटव्यात जाते. खरा अपघात तोड्यांनी केला. लग्नात पदर सावरताना उजव्या हातातल्या तोड्याचे टोक एका मोराच्या पिसाऱ्यात अडकले आणि हिरव्या रेशमाचा वीतभर धागा ओढला जाऊन तिथे सुरकुती पडली. रेशमी पदरावर टोकदार घडणीचे तोडे घालू नयेत ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होती, असे नंतर कळले.

पैठणीच्या नावाने मिळणाऱ्या इतर वस्तूंविषयी माझा अनुभव संमिश्र आहे. एका प्रदर्शनातून ७५० रुपयांचा पैठणीचा बटवा घेतला होता. बाहेरचे कापड यंत्रमागाचे होते, त्याबद्दल तक्रार नाही, पण आतले रेक्झिन सहा महिन्यांत पापुद्रे धरू लागले आणि ते तुकडे हळदीकुंकवाच्या दिवशी वाणाच्या सामानाला चिकटले. यजमानांसाठी घेतलेले पैठणी काठाचे जाकीट मात्र अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. साध्या रेशमी कापडाला फक्त गळपट्टी आणि खिशाशी काठ आहे, त्यामुळे ते बॅंडवाल्याच्या गणवेशासारखे दिसत नाही. लॅपटॉपची पिशवी, भ्रमणध्वनीचे आवरण, पायातल्या मोजड्या, या सगळ्यांवर मोर उमटवण्याचा जो सपाटा लागला आहे त्याबद्दल न बोललेले बरे.

विणकराच्या घरून घेण्यात गैरसोयीही आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. निवडीला फक्त सहा साड्या होत्या. बिल हाती लिहिलेले मिळाले, त्यावर वर्णन ‘साडी १ नग’ एवढेच. परत घेण्याची किंवा बदलून देण्याची सोय नव्हती आणि तसे स्पष्ट सांगितले गेले. पैसे निम्मे रोख मागितले, तेव्हा जवळच्या एटीएमपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. जिला एका दुपारी सुनेची, विहीणबाईंची आणि मानपानाची मिळून आठ लुगडी उरकायची आहेत तिने सरळ दालनात जावे. एकच साडी, पण तिच्याविषयी सगळे जाणून घेऊन, असा बेत असेल तर मात्र गल्लीतले घर शोधण्याची खटपट वसूल होते. तशीच साडी त्याच आठवड्यात एका दालनात २४,००० रुपयांना लावलेली मी पाहिली होती. ती अगदी तशीच होती असा दावा करत नाही, पदराची लांबी थोडी वेगळी होती.

साडी सुती पंचात गुंडाळून ठेवते, दोन-अडीच महिन्यांनी घडी बदलते आणि डांबराच्या गोळ्या त्या कप्प्यात ठेवत नाही. एवढ्यापलीकडे काही करावे लागलेले नाही.

ओढला गेलेला धागा घेऊन मी ज्येष्ठात पुन्हा येवल्याला गेले. विणकराने साडी खिडकीपाशी नेली, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरली, सुईने तो धागा एकेका घरातून मागे सारत नेला आणि पंधरा मिनिटांत पिसारा पूर्ववत केला. कुठे ओढला गेला होता ते आता मलाही शोधावे लागते. पैसे विचारले तर, “वहिनींना घेऊन या दिवाळीला, तेवढे पुरे,” असे म्हणून नणंदेची चौकशी केली. मी तिथेच पुढच्या संक्रांतीसाठी चंद्रकळा सांगितली, साधे अंग, लाल काठ, पदरावर फक्त मुनिया, म्हणजे छोटे पोपट. आगाऊ रक्कम घेतली नाही. मागावरचा सध्याचा पदर उतरला की ताणा लावतो आणि मग तारीख कळवतो, असा निरोप आला आहे. अजून तारीख आलेली नाही.